ठेंगणी गाडी आणि तिरकी चाके

आमच्या पुतण्याने आपल्या स्विफ्टला बाजारातल्या आखूड स्प्रिंगा बसवल्या आणि गाडी ३५ मिलिमीटर खाली आणली. ऐटबाज दिसते, यात वाद नाही. (गतिरोधकांचे काय, हे मी पुणेकर असून विचारले नाही.) "अलाइनमेंट केव्हा करणार?" एवढेच विचारले.

"कशाला काका? गाडी सरळ तर जाते!"

इथेच पुष्कळांची गल्लत होते. गाडी खाली बसली की खालच्या आर्मचा आणि टाय रॉडचा कोन बदलतो. दोघांची कमान निराळी, म्हणून पुढची चाके किंचित एकमेकांकडे तरी वळतात, नाहीतर परस्परांपासून दूर तरी. हा टो. शिवाय चाक वरून आत कलते, तो कँबर. लोक कँबरला भितात, कारण तो दिसतो. टायर खातो मात्र मुख्यतः टो. रबर सारखे आडवे खरवडले जाते आणि कँबरच्या संगतीने झीज आतल्या कडेला होते, जिथे वाकल्याखेरीज नजर पोचत नाही. बाहेरून धडधाकट टायर आतून तारांपर्यंत आलेला, आणि आपण भर पावसात खंडाळ्याच्या घाटात!

टो टाय रॉडवर जुळतो. तो लगेच जुळवावा. नव्या स्प्रिंगा थोड्या दबतात, म्हणून काही शे किलोमीटरनंतर पुन्हा मोजावा. पुढच्या कँबरला वेगळे बोल्ट लागतात. मागचा टॉर्शन बीम बिचारा गरीब, त्याचे कोन फारसे हलत नाहीत.

मोजणीआधी टायरांत हवा बरोबर हवी. आणि आकड्यांचा छापील कागद मागून घ्या. "झालं साहेब" एवढ्यावर पैसे देऊ नका.