झेरॉक्स देण्याआधी विचारा, कशाला?

आचोळ्यात भाड्याने खोली घ्यायची म्हटली की आधी डिपॉझिट विचारतात, मग आधारची झेरॉक्स. एजंटला एक, घरमालकाला एक, सोसायटीला एक, पोलीस ठाण्यात द्यायच्या भाडेकरूच्या माहितीसोबत एक. पुढे सिमकार्ड, हप्त्यावरचा मोबाइल, जिम. सगळ्या प्रती कुठे पडल्यात, कुणाला सांगता यायचं नाही.

काही ठिकाणी आधार लागतंच. भाडेकरार ऑनलाइन नोंदवताना अंगठा घेतात, तिथे हुज्जत घालू नका. पण जिमवाल्याला तुमचे बारा आकडे कशाला हवेत? २०१० साली नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार वाटलं, ते सरकारी लाभ खऱ्या माणसाला मिळावा म्हणून. जिमच्या रजिस्टरसाठी नव्हे. खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ लाच सांगितलंय. सिमकार्डालाही मतदार ओळखपत्र किंवा लायसन्स चालतं.

मे २०२२ मध्ये आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या बंगळुरू कार्यालयाने ‘झेरॉक्स वाटू नका’ असं पत्रक काढलं आणि दोनच दिवसांत ते मागे घेतलं गेलं. तेव्हा आपलं आपणच बघावं.

सगळ्यात ढिलाई होते झेरॉक्सच्या दुकानात. आपण आधारची पीडीएफ दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर टाकतो. तो पासवर्ड विचारतो, आपण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगतो. पासवर्ड म्हणजे तरी काय, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल! प्रिंट घेऊन आपण निघतो, फाइल त्याच्याकडे राहते. ती समोरच डिलीट करायला सांगा. त्यात राग येण्यासारखं काही नाही.

त्यापेक्षा यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ काढून ठेवा. फुकट मिळतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहा: कुणाला, कशासाठी, तारीख, आणि खाली सही. मजकूर फोटोवरून जाऊ द्या, कोपऱ्यात नको; कोपरा झाकून पुन्हा झेरॉक्स काढता येते.

एमआधार अॅपवर बोटांचे ठसे लॉकही करता येतात. मात्र रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा असेल, तर निघण्याआधी लॉक उघडा, नाहीतर मशीन नकार देईल. आधार कुठे कुठे तपासलं गेलं, तेही त्याच अॅपवर दिसतं. घरातल्या आजीआजोबांचंही बघा. अनोळखी नोंद दिसली तर १९४७ वर फोन करा. खात्यातून पैसे गेले असतील तर आधी १९३० वर, लगेच.