सव्वा महिन्यानंतर आईकडे कोण पाहणार?

नवी मुंबई, प्रतिनिधी

बाळंतिणीला सव्वा महिना जपण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. केंद्र सरकारच्या २०११ मधील नवजात बालक गृहभेट योजनेतही रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेकडे आशा कार्यकर्तीने ४२व्या दिवसापर्यंत सहा भेटी द्यायच्या असतात. रीत आणि योजना अशा जवळपास एकाच वेळी थांबतात. प्रसूतीपश्चात नैराश्य मात्र पहिल्या वर्षात केव्हाही डोके वर काढू शकते.

बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणे, चिडचिड होणे स्वाभाविक असते. दोन आठवड्यांत ते ओसरते. उदासी त्यापुढेही टिकली, बाळ झोपले असूनही झोप येईना, बाळाची ओढ वाटेना, तर मात्र तो आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकातील २०१७ च्या आढाव्यानुसार भारतात हे प्रमाण सुमारे २२ टक्के आहे. डॉ. विक्रम पटेल यांच्या गोव्यातील अभ्यासात (२००२) ते २३ टक्के आढळले. आर्थिक ओढाताण, पतीशी बिघडलेले संबंध आणि मुलाची अपेक्षा असताना झालेली मुलगी ही त्यामागील काही कारणे होती.

नेरूळमधील सारसोळ्यासारख्या ठिकाणी गावठाण आणि सिडकोच्या वसाहती शेजारी नांदतात. शहरी भागात आशांचा भर गरीब वस्त्यांवर असल्याने सदनिकेतील विभक्त कुटुंबातली, माहेरहून परतलेली आई सहज नजरेआड होते. लसीकरणासाठी मात्र प्रत्येक आई सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात दवाखान्याची पायरी चढते. तेथे बाळाचे वजन पाहिले जाते. त्याच वेळी एडिंबरा प्रश्नावलीतील दहा प्रश्न आईला विचारणे अवघड नाही. हे काम महापालिकेच्या आरोग्य केंद्रांनी आणि खासगी बालरोगतज्ज्ञांनीही अंगावर घ्यायला हवे.

उपचारांविषयीची भीतीही अनाठायी आहे. समुपदेशनाने अनेकींना बरे वाटते; स्तनपान सुरू असताना चालणारी औषधेही डॉक्टर देऊ शकतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करता येत नाही. २०२२ पासून 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास सल्ला मिळतो. स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार, भास किंवा भ्रम असतील, तर तिला एकटे न सोडता तातडीने रुग्णालयात न्यावे.

'सगळ्याच बायका बाळंत होतात' हे वाक्य घराघरांत ऐकू येते. त्याऐवजी पतीने वा सासूने 'तुला कसे वाटते?' असे विचारले, तर पुढचा मार्ग पुष्कळ सोपा होईल.