ऑनलाइन एम.ए.ला नाके मुरडण्याआधी

संपादक महोदय,

जनसंवाद विषयातल्या ऑनलाइन एम.ए.ची खिल्ली उडवणारे पत्र आपल्या अंकात वाचले. ‘माणसांशी बोलायला शिकवणारा विषय माणसांवाचून कसा शिकणार?’ असा त्यात सवाल आहे. वाक्य टाळ्या घेणारे आहे. पण ते लिहिणाऱ्याने ऐन गर्दीत अंबरनाथहून कुर्ल्यापर्यंत उभ्याने येऊन, तिथून कलिनाचे विद्यापीठ गाठून दाखवावे. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून जी माणसे गेली, ती काही हौसेने दारात लटकली नव्हती. नोकरी आणि घर सांभाळून दोन वर्षे रोज विद्यापीठात हजेरी लावणे आमच्यासारख्यांना झेपणारे नाही, म्हणून मी ऑनलाइन प्रवेश घेतला.

मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण 1971 पासूनचे. टपालाने आलेल्या पुस्तिकांवर पदवीधर झालेल्यांनाही त्या काळी ‘पोस्टातले ग्रॅज्युएट’ म्हणून हिणवणारे होतेच. आता तर विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये जाहीरच केले आहे, की मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. फक्त त्या अभ्यासक्रमाला आयोगाची परवानगी हवी आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येते. ‘आजच सीट बुक करा मॅडम, हप्ते पाडून देतो’ असा फोनचा भडिमार करणारे काउन्सेलर एवढेच नेमके सांगत नाहीत!

माझी तक्रार वेगळी आहे. या अभ्यासक्रमात आमचे गाव कुठेच नाही. सिद्धांत अमेरिकेचे, उदाहरणे दिल्लीच्या वाहिन्यांची. हॅरॉल्ड लासवेलने 1948 मध्ये मांडलेली प्रश्नावली आम्हाला तोंडपाठ आहे: कोण बोलतो, काय बोलतो, कोणत्या माध्यमातून, कुणाशी आणि परिणाम काय. मी ती आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या एका निरोपाला लावून पाहिली. निरोप असा: ‘उद्या पाणी येणार नाही, भरून ठेवा.’ तारीख नाही, खाली नाव नाही. तो आज एका ग्रुपवर, परवा दुसऱ्या, पुन्हा आठवड्याने तिसऱ्यावर फिरतो आणि प्रत्येक वेळी बायका पिंप, बादल्या, कळश्या, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवतात. लासवेलच्या प्रश्नांत ‘केव्हा’ नाहीच, हे मला त्या कुकरने शिकवले. असाइनमेंट मात्र ठरलेल्या विषयावरच द्यायची होती, त्यामुळे हे सगळे माझ्या वहीतच राहिले.

अभ्यासाच्या अशा खाणी या पट्ट्यात पावलोपावली आहेत. उल्हासनगरच्या बाजारात एकाच सौद्यात सिंधी, हिंदी, मराठी तिन्ही येतात. वालधुनी नदीच्या प्रदूषणावर कारखानदार एक बोलतो, काठावरचा रहिवासी दुसरेच, आणि बातमीत तिसरेच छापून येते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात रेल्वे रोको झाला, त्यानंतर इंटरनेट बंद केले गेले. तेव्हा खबर आणि अफवा यांची वाटणी लोकांनी कशी केली, यावर तर एक अख्खा प्रबंध होईल. कलिनाला जाणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा हे सगळे घरी राहून शिकणाऱ्याच्या जास्त जवळ आहे. विद्यापीठे त्याचा उपयोग करून घेत नाहीत, खोट आहे ती इथे.

तेव्हा ऑनलाइन एम.ए.च्या प्रत्येक सत्रात निदान एक असाइनमेंट विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शहरावर सक्तीची करावी आणि तिला लेखी परीक्षेइतके गुण ठेवावेत. पत्रलेखकांना माणसांची उणीव भासते, ती काही अंशी रास्त आहे. त्यावर इथल्या महाविद्यालयांनी महिन्यातल्या एका रविवारी एक वर्गखोली उघडून द्यावी. प्राध्यापक पडद्यावर असले तरी चालतील. पालिकेच्या सभेच्या कुणी लिहिलेल्या वृत्तांताची दहा जणांनी समोर बसून चिरफाड करायला खोली, पंखा आणि फळा पुरतो. शिपायाचा त्या दिवसाचा भत्ता आम्ही वर्गणी काढून देऊ.

– एक वाचक, अंबरनाथ (पूर्व)