सीव्हीतली कन्नड

बेळगावात शिकलेली माझी भाची बडोद्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नोकरी बदलायची म्हणून तिने सीव्ही दाखवला. तीन पानं! वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद आणि जावा, पायथन, एसक्यूएल अशी नुसती जंत्री.

"अगं, पण तू स्वतः काय केलंस?"

"मावशी, बिलांचा रिपोर्ट निघायला दहा मिनिटं लागायची. मी क्वेरी बदलली, आता एका मिनिटात निघतो."

"मग हेच आधी लिही की!"

अशी तीन कामं वर आली, बाकीचं गळालं, सीव्ही एका पानात बसला. पण भाषांच्या रकान्यात फक्त इंग्रजी, हिंदी, गुजराती. मराठी-कन्नडचा कोडशी काय संबंध, असं तिचं म्हणणं.

संबंध आहे. १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्येच देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या होत्या. तरीही एखाद्या ॲपमध्ये जोडाक्षर मोडतं, ओत्तक्षर भलतीकडेच जातं. ते चटकन ओळखायला लिपी वाचणाराच लागतो.

तेव्हा मुलांनो, घरच्या भाषा गाळू नका. मात्र आजीशी बोलण्यापुरतीच येत असेल, तर 'बोलता येते' एवढंच लिहा. मुलाखतीत कन्नड मजकूर वाचायला दिला, तर पंचाईत नको!