बंदुकीला मत नसते

‘पाच वर्षे देश लष्कराच्या हाती द्या, सगळे सरळ होतील,’ हे वाक्य म्हैसुरातल्या आमच्या मराठी बैठकींतही चहाबरोबर फिरते. आता त्याला विद्वत्तेची झालर लागली आहे. काही लष्करी बंडे म्हणे लोकशाहीवादी असतात! दाखला पोर्तुगालचा. २५ एप्रिल १९७४ रोजी तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी जुनी हुकूमशाही उलथली, लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुले खोवली आणि बरोबर वर्षाने निवडणूक झाली. गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्वही लिस्बनने १९७४ संपता संपता मान्य केले.

सगळे खरे. पण लोकशाही आली ती मतदानाच्या दिवशी, रणगाड्यांच्या नव्हे. शिवाय या सर्वांत सज्जन बंडातही सैनिकांचे क्रांतिमंडळ १९८२पर्यंत राज्यघटनेच्या डोक्यावर बसून होते. हा अपवाद झाला.

नियम पाहायला श्रीरंगपट्टण जवळ आहे. १७६१ साली हैदर अलीने तिथे सत्ता घेतली. दळवाई नंजराजाने वाडियार राजाला आधीच नामधारी केले होते, त्यामुळे ‘बिघडलेली घडी बसवतो’ म्हणायला हैदरलाही जागा होती. तो कर्तबगार होता, हे पेशव्यांनाही ठाऊक होते. राजा त्याने गादीवर ठेवला, पण दसऱ्याला लोकांना दाखवण्यापुरता. उलटलेल्या खंडेरावाला ‘पोपटासारखा सांभाळीन’ असे वचन दिले आणि पिंजऱ्यात घालून ते पाळले, अशी कथा सांगतात. हैदर चांगला की वाईट, हा वाद इथे नको. त्याला बदलण्याचा मार्ग प्रजेकडे नव्हता, एवढेच पाहा. अठराव्या शतकात तो कुठल्याच प्रजेकडे नव्हता. आपल्याकडे आहे, आणि आपण तो पाच वर्षांसाठी गहाण टाकायला निघालो आहोत.

तो मार्ग म्हैसूरला फुकट मिळाला नाही. सप्टेंबर १९४७मध्ये ‘म्हैसूर चलो’ची हाक उठली, तेव्हा लोकांच्या हाती बंदूक नव्हती, ती समोर होती. रामस्वामी हा विद्यार्थी गोळीला बळी पडला. त्याच्या नावाच्या चौकातून आम्ही रोज जातो. ऑक्टोबरात महाराजांना नमते घ्यावे लागले आणि के. सी. रेड्डींचे जबाबदार मंत्रिमंडळ आले.

चहावाल्या मित्रांना एकच विचारतो: पाच वर्षे संपल्यावर सेनापती ‘आणखी पाच’ म्हणाला, तर त्याला ‘नाही’ कोण म्हणणार, आणि कशाच्या जोरावर?