सैबेरियात जमिनीला अचानक एवढे मोठे खड्डे का पडतात?

हा फोटो तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आलाच असेल. ओसाड माळावर मधोमध एक गोल, काळं भोक, त्याच्याभोवती उधळलेली माती आणि काठावर मुंगीएवढी दिसणारी माणसं. खाली कॅप्शन ठरलेलं : 'शास्त्रज्ञही चक्रावले!' कमेंट्समध्ये कुणी एलियन आणतं, कुणी थेट पाताळाचं दार उघडतं.

फोटो खरा आहे आणि शास्त्रज्ञ चक्रावले होते हेही खरं. पण त्यानंतर बरंच काही कळलंय. आणि जे अजून कळलेलं नाही, त्याचं कारण एलियनपेक्षा जास्त वैताग आणणारं आहे.

हे ठिकाण रशियाच्या उत्तर टोकाला, यमाल द्वीपकल्पावर आहे. इथल्या नेनेट्स लोकांच्या भाषेत यमाल म्हणजे 'जमिनीचा शेवट'. हे लोक पिढ्यानपिढ्या रेनडिअरचे कळप घेऊन इथे फिरतात. जुलै २०१४ मध्ये हेलिकॉप्टरमधून इथला पहिला खड्डा दिसला. रुंदी साधारण २० मीटर, खोली ५० मीटरांहून जास्त. म्हणजे पंधरा-सोळा मजली इमारत आत सहज मावेल. जुने सॅटेलाइट फोटो तपासल्यावर कळलं, की तो २०१३ च्या शरद ऋतूतच पडला होता. कित्येक महिने कुणाला पत्ताच नव्हता.

पहिला अंदाज आला उल्केचा. आपल्याला हा अंदाज खोडणं सोपं आहे, कारण आपल्याकडे लोणार आहे. लोणारचं विवर जवळपास १.८ किलोमीटर रुंद आहे आणि त्या मानाने उथळ, परातीसारखं. उल्का आदळली की खड्डा असा पसरतो. यमालचा खड्डा विहिरीसारखा, रुंदीपेक्षा कितीतरी खोल. शिवाय मातीची ढेकळं बाहेर फेकली गेली होती. म्हणजे धक्का वरून नाही, आतून बसला होता.

मग खड्ड्यात उतरलेल्या रशियन पथकाला तळाजवळच्या हवेत ९.६ टक्क्यांपर्यंत मिथेन सापडला. एरवी हवेत मिथेनचं प्रमाण ०.०००२ टक्क्यांच्या आसपास असतं. गुन्हेगार इथेच सापडला म्हणायला हरकत नाही.

कुकर, ज्याची शिट्टी अडकलीय

यमालची जमीन पर्माफ्रॉस्ट आहे, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली. उन्हाळ्यात वरचा जेमतेम मीटरभर थर वितळतो. त्याखाली शेकडो मीटर माती, वाळू आणि बर्फ घट्ट गोठलेले असतात. या झाकणाखाली किंवा त्याच्या पोटातल्या पोकळीत गॅस साठत जातो. दाब वाढला की वरची जमीन टेकाडासारखी फुगते आणि एक दिवस उडते. २८ जून २०१७ ला सेयाखा गावाजवळ असाच स्फोट झाला, तेव्हा तिथल्या रेनडिअर पाळणाऱ्यांनी आग आणि धूर डोळ्यांनी पाहिला. २०२० मध्ये सापडलेल्या खड्ड्याला संशोधकांनी नाव दिलं सी-१७, म्हणजे त्यांच्या यादीतला सतरावा. त्यात ड्रोन उतरवून आतल्या पोकळीचं थ्रीडी मॉडेलही बनवलं गेलं.

इथपर्यंत बहुतेकांचं एकमत आहे. खरा वाद पुढे आहे : हा गॅस येतो कुठून? आणि पर्माफ्रॉस्ट तर अलास्का, कॅनडातही आहे, मग हे खड्डे फक्त यमाल आणि शेजारच्या गिदान द्वीपकल्पावरच का?

२०२४ मध्ये याची दोन वेगळी उत्तरं आली. ऑस्लो विद्यापीठाचे हेल्गे हेलेवांग आणि सहकारी म्हणतात, की नुसत्या वरच्या उष्णतेने एवढं जाड झाकण उडणार नाही. पश्चिम सैबेरियाच्या पोटात नैसर्गिक वायूचे अफाट साठे आहेत. तिथून गरम गॅस भेगांमधून वर येतो आणि पर्माफ्रॉस्टला खालून पोखरतो. वरून तळी आणि वाढतं तापमान ते झाकण पातळ करतात.

केंब्रिजच्या ॲना मोर्गादो आणि सहकाऱ्यांचं उत्तर मिठाचं आहे. पर्माफ्रॉस्टच्या आत काही ठिकाणी न गोठलेल्या, खूप खारट पाण्याचे थर आहेत. मनुका पाणी ओढून घेऊन फुगतात ना, तसं हे खारट थर वरचं वितळलेलं पाणी खाली ओढतात. अनेक वर्षं दाब वाढतो, जमिनीला तडे जातात, दाब एकदम घटतो आणि खाली बर्फात कोंडलेला मिथेन मोकळा होऊन स्फोट होतो.

मला पहिल्या उत्तराचं पारडं जड वाटतं, कारण 'फक्त इथेच का' याचं उत्तर त्यात आपोआप मिळतं. पण दोन्ही मुख्यतः कागदावरची गणितं आहेत. खरं-खोटं करायला तिथे जाऊन ड्रिलिंग करावं लागेल.

आणि तिथेच गाडी अडते

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि पाश्चात्त्य संस्थांनी रशियासोबतचं बरंचसं संशोधन थांबवलं. आर्क्टिकच्या पर्माफ्रॉस्टचा मोठा भाग रशियात आहे. रशियातली संशोधन केंद्रं वगळली तर आर्क्टिकचं चित्रच एकांगी होतं, असं 'नेचर क्लायमेट चेंज'मधल्या २०२४ च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे सिद्धांत ऑस्लो-केंब्रिजमध्ये आणि खड्डे रशियाच्या ताब्यात.

हे फक्त कुतूहलाचं प्रकरण नाही. पहिला खड्डा बोवानेन्कोवो या प्रचंड गॅसफील्डपासून साधारण ३० किलोमीटरवर होता. पाइपलाइन, रेल्वे, कामगारांच्या वसाहती सगळं याच जमिनीवर आहे. नेनेट्स कुटुंबं तर तंबू ठोकून तिथेच राहतात. पुढचं टेकाड कुठलं उडणार, हे आधी ओळखायचं तर आत नेमकं काय चाललंय हे कळायला हवं. शिवाय वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा जवळपास ८० पट जास्त तापवतो. मूठभर खड्ड्यांनी जगाचं हवामान बदलणार नाही. पण गॅस खोल साठ्यांतून येत असेल आणि झाकण पातळ होत असेल, तर हिशोब वेगळा मांडावा लागेल.

त्यात पुरावाही टिकत नाही. भिंती ढासळतात, बर्फ वितळतं, दोन-चार वर्षांत खड्डा पाण्याने भरतो. व्हायरल फोटोतला २०१४ चा तो खड्डा केव्हाच तळं झालाय, यमालच्या असंख्य तळ्यांसारखंच आणखी एक.