फुकटची पेटी भरली तेव्हा



गेल्या महिन्यात इंदापूरहून आमच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोरीच्या जातपडताळणीचे कागद मोबाईलमधून गेले!" रविवारी आम्ही बारामतीहून एसटी धरली. लासुर्णे, निमगाव केतकी मागे पडले तरी डोक्यात एकच घोळत होते. त्या कागदांत भाचीच्या पणजोबांच्या शाळेचा उतारा होता. अनुसूचित जातीच्या पडताळणीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आपल्या किती घरांत असा कागद निघतो? मूळ उतारा घर गळून भिजला, म्हणून त्याचा फोटो काढून ठेवला होता. सगळी मदार त्या फोटोवर.

झाले असे की फोनवर रोज 'स्टोरेज भरले' अशी सूचना यायची. भाच्याने वैतागून जुने फोटो एकदम पुसले. त्याला वाटले, फोनमधले पुसले तरी 'वरचे' राहतात. पोराला रागावण्यात अर्थ नव्हता, आम्हालाही वर्षभरापूर्वी तसेच वाटत होते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असताना तिथूनच फोटो पुसला, तर तो दोन्हीकडून जातो. मात्र बॅकअप झालेला फोटो 60 दिवस कचरापेटीत पडून असतो. आम्ही बोटावर दिवस मोजले. अडतीस भरले होते. पेटी उघडली, उतारा तिथेच होता. बहिणीने डोळे पुसले आणि चहा टाकला.

आता ही पेटी भरते कशी ते सांगतो. गूगलच्या एका खात्याला 15 जीबी जागा फुकट मिळते. ई-मेल, ड्राइव्ह आणि फोटो, तिघांत मिळून तेवढीच. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपही 2024 पासून त्यातच मोजला जातो. एक फोटो तीन-चार एमबीचा, पण मिनिटभराचा व्हिडिओ शंभर एमबीच्या पुढे जातो. 14 एप्रिलच्या मिरवणुकीचे पाच-सहा व्हिडिओ आणि सकाळी येणारी फुलांची चित्रे, पेटी भरायला आणखी काय लागते? जागा संपली की नवी ई-मेल येणेही बंद होऊ शकते. शिष्यवृत्तीचा किंवा नोकरीचा अर्ज भरणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

2015 मध्ये गूगल फोटोज सुरू झाले तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो हवे तितके ठेवा म्हणाले. 1 जून 2021 पासून ती सवलत बंद. ऑर्कुट तर 30 सप्टेंबर 2014 ला कायमचे मिटले. दोन वर्षे खाते उघडलेच नाही तर ते काढून टाकण्याचा नियमही आता आहे. फुकटच्या दुकानात खिडकी नसते, तक्रार करायची कुणाकडे? आम्ही पडलो कारकून. पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही हे अंगवळणी पडलेले, आणि तरी घरचे कागद मात्र बिनपावतीचे सोडून दिले होते!

डिजिलॉकर सरकारी आहे, त्यात आधार आणि दहावीची गुणपत्रिका थेट त्या त्या खात्याकडून येते आणि ती मुळाबरोबरीची धरतात. पण आपण स्वतः चढवलेल्या फोटोला तो मान नाही. पणजोबांचा उतारा तिथे आपोआप यायचा नाही.

त्या दिवशी बहिणीकडे आधी सगळे कागद पेनड्राइव्हवर उतरवले, तो दुसऱ्या फोनला लावून उघडतो का पाहिले, आणि मगच खात्यातले मोठे व्हिडिओ काढले. व्हॉट्सअॅपच्या बॅकअपमधून व्हिडिओ वगळले. निम्मी जागा मोकळी झाली. महिन्याला पैसे भरून जागा वाढवता येते, पण भरणे थांबले की पुन्हा तेच, म्हणून बहिणीने नको म्हटले. सोमवारी रजा टाकून भाचीला घेऊन आम्ही शाळेत गेलो. रजिस्टरचे ते पान कोपऱ्यात फाटले आहे, पण नाव वाचता येते. शिक्क्याच्या दोन नकला घेतल्या. एक बहिणीच्या पत्र्याच्या पेटीत आहे, दुसरी आमच्याकडे बारामतीला.